जंतू नावाचे गवंडी



युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो महागाई किंवा बोनस यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही जंतूंवर बोलणार आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा अधिकार आम्हांला नाही. बांधकाम मजुरांत तीस वर्षे वावरलेल्या माणसाचे कुतूहल एवढेच आमचे भांडवल.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका भांडणामुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीची दर्शनी बाजू धुण्याचे काम आमच्या सभासदांकडे आले. ठेकेदाराने ॲसिडचे कॅन आणले, हातमोजे मात्र आणले नाहीत. आठ दिवसांत भिंत उजळली आणि माणसांच्या बोटांची सालटी निघाली. आम्ही भांडून हातमोजे मिळवले आणि जिंकलो असे समजून घरी गेलो. दोन पावसाळ्यांनंतर पाहतो तो दगडांमधल्या चुन्याच्या दरजा भुसभुशीत होऊन गळत होत्या. जे कातडीला खाते ते चुन्यालाही खाते, ही साधी गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली. मग याहून सौम्य उपाय जगात कोठे आहे काय, याचा शोध आम्ही पुस्तकांतून घेऊ लागलो.

जंतू म्हटले की आपल्याला पटकी आणि विषमज्वर आठवतो. दगड कुजवणारे जंतूही आहेत, हे खोटे नाही. परंतु 1973 साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की, साध्या मातीतले कितीतरी जीवाणू योग्य खाद्य मिळाल्यास कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीचेच, स्फटिक तयार करतात. त्याची रीत अशी : जीवाणू अन्न पचवतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया निघतो, भोवतीचे पाणी अल्कधर्मी होते, आणि पाण्यातले कॅल्शियम जीवाणूच्याच अंगावर चुनखडी होऊन बसते. हा गवंडी स्वतःच्या देहाभोवती बांधकाम करतो.

या गुणाचा उपयोग फ्रान्समध्ये झाला. 1993 साली तुआर गावातील सेंट मेदार चर्चच्या मनोऱ्यावर असे जीवाणू फवारले आणि पुढे काही दिवस त्यांना खाद्य दिले. मऊ चुनखडीच्या दगडावर त्याच जातीचा पातळ थर चढला. पाणी आत शिरणे कमी झाले, पण दगडाची छिद्रे बुजली नाहीत, त्याचा श्वास चालू राहिला. हा थर अमर नाही, काही वर्षांनी काम पुन्हा करावे लागते. पण घराला रंगही आपण एकदाच देत नाही.

दुसरे काम सफाईचे. कोळशाच्या आणि मोटारींच्या धुरातला गंधक संगमरवराला लागला म्हणजे त्याचा जिप्सम होतो, त्यात काजळी अडकते, आणि दगडावर काळी खपली धरते. मिलानच्या कॅथीड्रलच्या संगमरवरावर प्राणवायूवाचून जगणारे, सल्फेटवर गुजराण करणारे जीवाणू लावून पाहिले. त्यांनी खपली सोडवली आणि खालचा दगड शाबूत ठेवला.

पिसा येथील काम्पोसांतोची कथा याहून बोलकी आहे. जुलै 1944 मध्ये युद्धात तोफगोळ्याने तिथल्या छपराला आग लागली आणि शिसे वितळून भित्तिचित्रांवर सांडले. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी त्यांवर जनावरांच्या सरसाने कापड चिकटवून ती भिंतीवरून उतरवली. काही ठिकाणी तो सरस पुढे इतका कडक झाला की निघेचना. रसायने थकली. शेवटी सरस खाणारे जीवाणू कापसात घेऊन चित्रावर ठेवले, आणि काही तासांत त्यांनी सरस फस्त केला. रंगाला त्यांनी तोंड लावले नाही, कारण रंग हे त्यांचे अन्नच नव्हे. फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोने घडवलेल्या मेदिची समाधीवरचे जुने डागही जीवाणूंनीच खाल्ले. ही हकीकत 2021 साली जगापुढे आली.

सरसाची गोष्ट वाचताना आम्हांला अजिंठा आठवला. निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन कारागिरांनी 1920 नंतर तिथल्या चित्रांवर रक्षणासाठी लाखेचे रोगण दिले. ते पुढे पिवळे पडले, आणि ते उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या वाट्याला आले. रक्षणाचा लेप कधी कधी दुसरे दुखणे होतो. म्हणून जंतूंचा उपायही डोळे मिटून उचलू नये. अजिंठ्याचा खडक काळा बसाल्ट आणि गिलावा मातीचा, तर तुआरचा दगड चुनखडीचा. एकाचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही. फाजील खाद्य टाकले तर बुरशीही जेवायला येईल.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. ग्रानाडाच्या शास्त्रज्ञांनी आधी प्रयोगशाळेत वाढवलेला जीवाणू दगडाला लावला. पुढे सान हेरोनिमो मठाच्या भिंतींवर काम करताना त्यांना आढळले की, बाहेरचा जीवाणू न आणताही चालते. दगडात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जीवाणू उपाशी असतात. त्यांना योग्य खाद्य दिले की तेच उठून दगड बळकट करतात. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. तीस वर्षे आम्ही वस्त्यांतून हेच पाहिले आहे. बाहेरून आणलेला पुढारी सभा गाजवून जातो. नाक्यावरच्या मजुराला दोन अक्षरे, थोडी माहिती आणि थोडा विश्वास मिळाला की संघटना तोच उभी करतो आणि तोच टिकवतो.

तेव्हा एवढेच सांगून बसतो. आपल्या गावातले देऊळ, वाडा किंवा जुने ग्रंथालय दुरुस्तीला निघेल, तेव्हा कमिटीच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा : याने दगडाचे काय होईल, आणि दगडाला हात लावणाऱ्या माणसाचे काय होईल? आम्ही त्या इमारतीच्या वेळी फक्त दुसरा विचारला होता. पहिलाही विचारला असता, तर कदाचित ॲसिडच आले नसते, आणि हातमोज्यांसाठी भांडावेही लागले नसते.