किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्या बदलताना



कृषिविद्या शिकविणाऱ्याने खिडक्यांवर का बोलावे, असे आपल्याला वाटेल. कारण सरळ आहे. आपल्या मालवण, देवगड, वेंगुर्ले पट्ट्यात घर हेच कोठार असते. साठवणीच्या भातात ओलावा १३ ते १४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणून आपण तो उन्हात वाळवतो. काजू बी आणि आमसुलेही वाळवतो. पण पुढे चार महिने त्याच खोलीत खिडकीतून झड आत येत राहिली, तर वाळवणीची मेहनत फुकट जाते.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही. म्हणून थंड मुलुखातल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांची जाहिरात पाहून भुलू नये. आपल्या खिडकीचे शत्रू तीन : खारी हवा, सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि वादळ. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आणि १६ मे २०२१ रोजी आपल्या किनाऱ्याजवळून गेलेले तौक्ते आपण अनुभवले आहे.

सामान निवडण्यापूर्वी एक काम करावे. घराभोवती फिरून जुन्या खिडक्या पाहाव्यात. पश्चिम आणि नैऋत्येकडच्या आधी खराब झालेल्या दिसतील. पूर्वेकडच्या त्याच वयाच्या खिडक्या अजून बऱ्या असतील. प्रत्येक खिडकीत नुकसान बहुधा खालून सुरू होते. चौकटीचा तळ, झडपेचा खालचा आडवा आणि बिजागरीचे स्क्रू, हीच ती ठिकाणे. म्हणजे संपूर्ण घराला एकच माल लागतो, हा समज चुकीचा आहे. ज्या बाजूला मारा, त्या बाजूला खर्च करावा.

आता एकेक सामान पाहू.

लाकूड : साग उत्तम, पण आपल्या परसातला फणसही कमी नाही. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र बाहेरचा पांढरा भाग काढून टाकावा, कीड तिथूनच शिरते. आंब्याचे लाकूड पेटीला चांगले, खिडकीला नको. ओल्या लाकडाची खिडकी करू नये. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून त्या सावलीत पूर्ण वाळवाव्यात. तरीही लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आकसते. गणपतीत झडप लागत नाही आणि शिमग्यात फट दिसते, हा त्याचा स्वभाव आहे. सुताराने तेवढी जागा सोडावी. चौकटीचा जो भाग भिंतीला टेकतो, त्याला बसविण्यापूर्वीच काजूच्या टरफलाचे तेल लावावे. हे तेल कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालावेत. झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. फणस, साग, आंबा, ऐन, किंजळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत.

लोखंड : साध्या लोखंडाचे गज समुद्राकडील बाजूस बसवू नयेत. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचा गिलावा व चिरा फोडते. गज हवेच असतील तर गरम जस्तात बुडवून काढलेले घ्यावेत. जस्त चढविल्यावर वेल्डिंग करू नये, कारण त्या जागी जस्त जळते आणि गंज तिथूनच धरतो.

ॲल्युमिनियम : हलके असते आणि वाळवी लागत नाही. पण खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात. किनाऱ्यासाठी ॲनोडाइझिंगचा थर २० ते २५ मायक्रॉनचा मागावा. चौकट ओल्या सिमेंटला थेट लागू देऊ नये, मध्ये पट्टी किंवा लेप असावा. साधे लोखंडी स्क्रू त्यात मारू नयेत. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी आले, की स्क्रू गंजतो आणि त्याच्याभोवतीचे ॲल्युमिनियमही झिजते.

यूपीव्हीसी : हे कडक प्लॅस्टिक गंजत नाही, कुजत नाही. पाणी अडविण्यात पश्चिम बाजूला ते चांगले. तरी विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. आतली लोखंडी पट्टी जस्त चढविलेली आहे का? चौकटीच्या तळाला पाणी जाण्याची भोके आहेत का? कडी, बिजागरी, चाके बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळेल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फणसाची झडप गावचा सुतार एका दिवसात नीट करतो. शहरातून माणूस यायचा तर पावसात खिडकी तशीच राहते.

स्क्रू आणि बिजागरी : खर्चात ही बाब सर्वांत लहान आणि टिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी. ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारा सगळा माल सारखा नसतो. २०२ क्रमांकाचा लवकर गंजतो. ३०४ चालतो, पण समुद्राजवळ त्यावर तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून तो खाऱ्या हवेत टिकतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या कारणांची चर्चा वेगळी आहे, पण नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याच महिन्यात लेखी कळविले होते. उभारणीला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. आपल्या खाऱ्या हवेला इतका वेळ पुरतो.

झडपेचा प्रकारही पाहावा. सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत पाणी आणि वाळू साचते. बाहेर उघडणारी झडप समोरच्या वाऱ्याने चौकटीवर अधिक घट्ट बसते, म्हणून झडीच्या बाजूला तीच घ्यावी. मात्र तिला वर आणि खाली अशा दोन कड्या हव्यात. खिडकीच्या कट्ट्याला बाहेर उतार ठेवावा. छज्जाच्या खालच्या काठाला खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता तिथेच गळते. गिलाव्यात समुद्राची वाळू वापरू नये. सगळ्या खिडक्या मात्र घट्ट बंद करून टाकू नका. पूर्वेकडून वारा खेळला नाही तर कोठाराला बुरशी येते.

खिडकी बसली म्हणजे काम संपले असे नाही. पाऊस मीठ धुऊन नेतो, पण छज्जाखालच्या कोरड्या भागावर ते साचून राहते. म्हणून दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा बिजागऱ्या, कड्या आणि खोबणी गोड्या पाण्याने पुसून घ्याव्यात.

पैसे हाती थोडे असतील तर सर्व खिडक्या एकदम बदलू नका. पूर्वेकडच्या खिडक्यांचे फक्त स्क्रू आणि खालचा आडवा बदला. कोठाराची पश्चिमेकडची खिडकी मात्र यंदाच, मिरगापूर्वी नवी करा. मे महिन्यात वादळे येतात, म्हणून हे काम एप्रिलअखेर उरकावे. पुढच्या वर्षी पुढची खिडकी घ्यावी.