आवाजावरचा विश्वास

वर्तमानपत्रातली बातमी आपण पुन्हा वाचू शकतो, कात्रण कापून ठेवू शकतो. रेडिओवरची बातमी मात्र कानावर पडते आणि विरून जाते. मागे उरतो तो सांगणाऱ्यावरचा विश्वास. अमेरिकेतल्या रेडिओ-वार्ताहरांनी हा विश्वास कसा कमावला आणि तो सांभाळणं त्यांना किती जड गेलं, याविषयी आज मी बोलणार आहे.

अमेरिकेत रेडिओ पहिल्यापासून बहुतांशी खासगी. एनबीसी १९२६ साली आणि सीबीएस १९२७ साली सुरू झाली. देशभरची केंद्रं टेलिफोनच्या तारांनी जोडायची आणि एकच कार्यक्रम सगळीकडे ऐकवायचा, म्हणून या कंपन्यांना नेटवर्क म्हणत. खर्च जाहिरातदार भागवत. गाणी-नाटकांची चलती होती, बातम्यांना जागा थोडीच. तरीही वर्तमानपत्रांना धास्ती वाटली, की बातमी घरबसल्या फुकट मिळाली तर अंक विकत कोण घेणार? अखेर डिसेंबर १९३३मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात समझोता झाला. नेटवर्कनी दिवसाला पाच-पाच मिनिटांची दोनच बातमीपत्रं द्यायची. सकाळचं साडेनऊनंतर आणि रात्रीचं नऊनंतर, म्हणजे लोकांचे पेपर वाचून झाल्यावर! हे बंधन अर्थातच फार दिवस टिकलं नाही.

खरं वळण मार्च १९३८मध्ये आलं. हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. सीबीएसचे युरोपातले दोन प्रतिनिधी, एडवर्ड मरो आणि विल्यम शायरर, तोवर मुख्यतः भाषणं आणि संगीताचे कार्यक्रम जमवून देण्याचं काम करत होते. यातले शायरर १९३०-३१मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’चे बातमीदार म्हणून भारतात येऊन गेले होते, गांधीजींच्या चळवळीच्या बातम्या त्यांनी अमेरिकेला पाठवल्या होत्या. १३ मार्चच्या रविवारी न्यूयॉर्कहून निरोप आला, की आज रात्री युरोपच्या राजधान्यांतून थेट बातम्या हव्यात. हाताशी जेमतेम आठ तास होते. लघुलहरींची प्रक्षेपणकेंद्रं मिळवायची, वेळा सेकंदासेकंदानं जुळवायच्या, वर्तमानपत्रांचे बातमीदार गाठायचे. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजले आणि रॉबर्ट ट्राउट यांनी सूत्रं हाती घेतली. लंडनहून शायरर बोलले, व्हिएन्नाहून मरो. पॅरिस आणि बर्लिनहूनही आवाज आले. रोमहून प्रक्षेपण जमेना, तेव्हा तिथला मजकूर फोनवरून लंडनला कळवला गेला आणि शायरर यांनी तो वाचून दाखवला. वेगवेगळ्या शहरांतल्या वार्ताहरांना एका धाग्यात ओवायची आज सर्रास दिसणारी पद्धत त्या अर्ध्या तासात आकाराला आली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नेटवर्कवर त्या काळी ध्वनिमुद्रित मजकूर सहसा वापरत नसत. त्यात व्यवहारही होता. तबकड्याच वाजवायच्या, तर त्या कुठलंही केंद्र स्वतःच वाजवील, मग नेटवर्क कशाला? पण या नियमामुळे वार्ताहराला घटनेच्या जागी, घटनेच्या वेळी उभं राहावं लागलं. ऑगस्ट १९४०मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकाजवळ भोंगा वाजत असताना मरो यांनी मायक्रोफोन फुटपाथपाशी नेला. आसऱ्याला निघालेल्या माणसांच्या पावलांचा आवाज अमेरिकेनं ऐकला. माणसं पळत नव्हती, चालत होती. लंडनचा धीर सांगायला विशेषणाची गरज उरली नाही. पुढे छपरावरून बोलण्यासाठी त्यांना आधी चाचणीची ध्वनिमुद्रणं करून ब्रिटिश अधिकाऱ्यांची खात्री पटवावी लागली, की शत्रूला उपयोगी पडेल असं काही तोंडून जाणार नाही.

असा हा विश्वास युद्धात कमावलेला. पण पैसा जाहिरातदाराचा होता. १९४७मध्ये शायरर यांच्या रविवारच्या भाष्याचा प्रायोजक, दाढीचा साबण बनवणारी कंपनी, बाजूला झाली. सीबीएसनं त्यांची वेळ दुसऱ्याला दिली आणि शायरर यांनी राजीनामा दिला. आपली मतं नकोशी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कामाचा दर्जा उतरला, असं कंपनीच्या बाजूचं. मरो तेव्हा सीबीएसमध्ये उपाध्यक्ष होते. जुनी मैत्री तुटली. पुढे १९५८मध्ये शिकागोच्या एका भाषणात याच मरो यांनी आपल्या व्यवसायाला नफ्याच्या हव्यासाबद्दल खडे बोल सुनावले.

यात मला कुणा एकाला खलनायक ठरवायचं नाही. जाहिरातीच्या पैशाशिवाय तो रविवारचा कार्यक्रमही झाला नसता. पण बातमीचं साधन बदललं तरी दोन प्रश्न जुनेच राहतात: सांगणारा खरोखर तिथे आहे का, आणि त्याच्या बोलण्याचा खर्च कोण करतो? श्रोत्यांनी हे दोन प्रश्न विचारत राहिलं, तर सांगणाऱ्यालाही सांभाळून बोलावं लागतं.