टाळेबंदीचा न मांडलेला हिशेब

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गौरवाचे चार शब्द बोलावेत आणि सर्वांनी आनंदाने घरी जावे, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला मान्य आहे. तरीही आज मी निवडलेला विषय मंगल नाही. या संस्थेच्या शंभर वर्षांत तिचे दार सर्वांत अधिक काळ ज्या कारणाने बंद राहिले, त्या कारणाविषयी मला बोलायचे आहे. गौरवग्रंथात जे सहसा येत नाही, ते एकदा तरी नोंदले जावे एवढाच माझा हेतू आहे.

या निमित्ताने मी संस्थेची जुनी इतिवृत्ते वाचून काढली. ज्यांनी हे ग्रंथालय स्थापन केले ती पिढी मानमोडीतून वाचलेली होती. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात तिने हाहाकार केला. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. तिला आपले लोक ‘मानमोडी’ म्हणत. कोणाचा जन्म कधीचा हे सांगताना ‘मानमोडीच्या साली झाला’ असे म्हणणारी म्हातारी माणसे माझ्या लहानपणी घरोघरी होती. आणि आपली इतिवृत्ते? त्यांत पहिल्या कपाटाची किंमत आहे, कंदिलाच्या तेलाचा खर्च आहे, थकलेल्या वर्गणीची यादी आहे. पण त्या साथीविषयी एक शब्दही नाही. ज्यांच्या घरांतून माणसे गेली होती, त्यांनी त्याबद्दल काहीच लिहून ठेवले नाही. त्यांचे मौन मी समजू शकतो. परंतु आपणही तसेच मौन धरले, तर पुढच्या शंभर वर्षांनी आपली इतिवृत्ते वाचणाऱ्याला काय वाटेल?

वस्तुस्थिती आपणा सर्वांस ठाऊक आहे. मी ती केवळ क्रमाने मांडतो. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली, त्याच दिवशी तेलंगण शासनाने राज्यात टाळेबंदी जाहीर केली आणि २५ मार्चपासून ती सर्व देशाला लागू झाली. एकवीस दिवस म्हणून सुरू झालेली ही बंदी वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत गेली. दुसऱ्या लाटेत, १२ मे २०२१ पासून १९ जूनपर्यंत, आपल्या राज्यात पुन्हा टाळेबंदी आली. यासाठी शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला त्यांपैकी एक १८९७ सालचा, प्लेगच्या दिवसांतला होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. एकाच साथीने आपल्याला एक कडक कायदा दिला आणि एक करुण आदर्शही दिला. कायदा आपल्या लक्षात राहिला, हे २०२० साली दिसले. आदर्श कितपत राहिला, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आहे.

आपला जिल्हा सीमेवरचा. पैनगंगेच्या अलीकडे आपण आणि पलीकडे यवतमाळ. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांच्या रेषा बदलल्या, सोयरिकी बदलल्या नाहीत. बेला, जैनथ भागातल्या कित्येक घरांतली सून पलीकडची आणि लेक पलीकडे दिलेली. नदीवरचा पूल ही आमच्या दृष्टीने कधी सीमा नव्हतीच. ती त्या वर्षी प्रथम सीमा झाली. माहेरी आई आजारी आहे आणि लेकीला पूल ओलांडता येत नाही, असे प्रसंग गावोगाव घडले. नकाशावरची रेघ माणसाच्या काळजातून कशी जाते, हे तेव्हा आपल्याला कळले.

याच जिल्ह्यातून हैदराबाद–नागपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. हैदराबादेतून निघालेला मजूर निर्मळ, गुडीहत्नूर, आदिलाबाद करत सुमारे ३०० किलोमीटर चालून पैनगंगेच्या पुलाशी येई. आणि तेथून त्याचे उत्तरेकडचे गाव आणखी शेकडो कोस दूर असे. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, उन्हाने तापलेला रस्ता. एप्रिलमध्ये याच तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडातील आपल्या गावाकडे चालत निघालेली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी घराजवळ पोहोचता पोहोचता मरण पावली. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. मजुरांसाठी पहिली श्रमिक रेल्वे १ मे रोजी हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाकडे निघाली, तोवर टाळेबंदीला पाच आठवडे उलटून गेले होते. महामार्गावरच्या गावांतून भाकरी-पाणी घेऊन उभे राहिलेले लोक मी पाहिले. त्याच गावांच्या वेशीवर काट्याकुपाट्या टाकून परक्याला मज्जाव केलेलाही पाहिला. कधी कधी ही दोन्ही कामे करणारी माणसे एकच होती. भीती आणि करुणा एकाच मनात कशी नांदते, हे मी पुस्तकांतून शिकलो नव्हतो.

त्या दिवसांत आपण एक शब्द फार सहज स्वीकारला – ‘सामाजिक अंतर’. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द अधिक योग्य असल्याचे सुचवले होते. कारण शरीराने दूर राहावे, नात्याने नव्हे, असा मूळ आशय होता. पण ज्या समाजाने शतकानुशतके माणसाला माणसापासून दूर ठेवले, त्याला ‘सामाजिक अंतर’ परके का वाटावे? रोगी बरा होऊन घरी आला तरी त्याच्या घरी दूध टाकणे बंद होते. परिचारिकेला घरमालक खोली सोडायला सांगतो. विषाणू चौदा दिवसांत गेला. डाग मात्र पुष्कळ दिवस राहिला.

आता मी माझ्याच घराजवळचे सांगतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त कारकून राहत. त्यांना आम्ही सारे काका म्हणत असू. पत्नी वारलेली, मुलगा परगावी. रोज सकाळी नऊ वाजता ते या वाचनालयात येत, दक्षिणेकडच्या खिडकीशी बसत आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. वाचनालय बंद झाल्यावर पहिले काही दिवस ते सकाळी नऊलाच माझ्या फाटकाशी येऊन विचारत, “मास्तर, आज तरी उघडलं काय?” मी लांबूनच मान हलवी. पुढे ते यायचे थांबले. नंतर कळले की ते नीट जेवत नव्हते, रात्रभर दिवा लावून बसून राहत. आम्हाला वाटे, ते वर्तमानपत्रासाठी येतात. वास्तविक दिवसभरात त्यांच्याशी कोणी चार शब्द बोले, ते याच खोलीत. दार बंद झाले ते केवळ पुस्तकांचे नव्हते.

२०२१ च्या मे महिन्यात ते गेले. साथीनेच गेले. मुलगा वेळेवर पोहोचू शकला नाही. प्रेतास स्नान घालू नये, मिठी मारू नये, अंत्यविधीस थोडकेच लोक असावेत, असे नियम होते. पण मर्यादित संख्येला परवानगी होती, हेही खरे. त्या थोडक्यांत मी असू शकलो असतो. मी गेलो नाही. मी माझ्या खिडकीतून ती गाडी जाताना पाहिली आणि पडदा ओढून घेतला. आजवर हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. आज या सभेत सांगतो आहे, ते क्षमा मागण्यासाठी नव्हे. क्षमा करणारा आता नाही. या सभागृहात असे पडदे ओढलेले मी एकटाच नसेन, म्हणून सांगतो आहे.

आपल्याकडे मृत्यूनंतर दहावे, तेरावे होते. शेजारीपाजारी येतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात, रडणे होते आणि हळूहळू दुःख सर्वांत वाटले जाते. त्या दोन वर्षांत ते वाटले गेले नाही. ज्याचे त्याने ते एकट्याने गिळले. गिळलेले दुःख पचत नाही. ते झोपेत, रागात, दारूत, अकारण भीतीत बाहेर येते. स्त्रियांची तर दुहेरी कोंडी झाली. मारणारा नवरा दिवसभर घरात आणि माहेरची वाट बंद. १० एप्रिल २०२० रोजी राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी व्हॉट्सॲपचा वेगळा क्रमांक जाहीर करावा लागला, यातच सर्व आले. मुलांचेही तसेच. १ सप्टेंबर २०२० पासून राज्यात दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅटवरून पाठ सुरू झाले, हे खरे. पण ज्या घरात दूरदर्शन संच नव्हता आणि एकच मोबाइल होता, तोही बाप कामावर घेऊन जाई, तेथे शाळा पोहोचली नाही. वरच्या वर्गांच्या शाळा फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडल्या, मार्चमध्ये पुन्हा मिटल्या आणि खऱ्या अर्थाने १ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाल्या. त्या दीड वर्षात कापसाच्या शेतात गेलेली किती मुले वर्गात परतली नाहीत, हे येथे बसलेले शिक्षक माझ्याहून अधिक जाणतात.

आकड्यांविषयी मी थोडकेच बोलेन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार देशात २०१९ साली १,३९,१२३, २०२० साली १,५३,०५२ आणि २०२१ साली १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत रोजंदारीवर पोट भरणारे २०२० मध्ये ३७,६६६ होते, तर २०२१ मध्ये ४२,००४. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे असतात. सर्वांचा दोष महामारीवर टाकणे शास्त्रशुद्ध होणार नाही. परंतु पहिल्या एकाच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे दुःख पैनगंगेच्या दोन्ही तीरांना जुने आहे. त्या जुन्या जखमेवर ही नवी जखम झाली.

यावर कोणी विचारील, मग टाळेबंदी चूक होती का? मी वैद्य नाही, राज्यकर्ताही नाही. रोग अनोळखी होता, लस नव्हती, रुग्णालये अपुरी होती. काही निर्बंध अटळ होते, असेच मला वाटते. पण औषध आवश्यक होते म्हणून त्याचे दुष्परिणाम नोंदूच नयेत, असे कोणता वैद्य म्हणेल? प्राण वाचवण्यासाठी जी किंमत दिली ती कोणी, किती दिली, हे मांडले नाही, तर पुढच्या संकटात तीच माणसे पुन्हा तीच किंमत देतील. ती माणसे बहुधा रस्त्यावरची असतील, एकटी असतील आणि बोलणार नाहीत.

म्हणून या शताब्दीनिमित्त संस्थेपुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ग्रंथालयात एक स्मरणवही ठेवावी. ज्याने त्याने आपल्या घरातले, गल्लीतले माणूस तीत नोंदावे. मराठीत, तेलुगूत, उर्दूत. ज्याला लिहिता येत नाही त्याची, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्याचीही, नोंद दुसऱ्याने लिहून घ्यावी. दुसरी, जे येथे रोज येतात त्यांची एक साधी यादी असावी, आणि कोणी सलग तीन दिवस दिसले नाही तर संस्थेतर्फे एकाने त्याच्या घरी जावे. यास खर्च काही नाही. तिसरी, दर्शनी फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा आहे. मन खचलेल्या कोणालाही तेथे अहोरात्र बोलता येते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले होते की मानसिक विकार असलेल्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अंतर रुग्णालयाचे असते, तसे लाजेचेही असते. पैकी लाजेचे अंतर आपण कमी करू शकतो.

निजामी अमदानीत जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे, तेव्हा संस्थानातील वाचनालये ही लोकांना एकत्र बसण्याची हक्काची जागा होती. आपले पूर्वज येथे केवळ वाचायला येत नव्हते. एकमेकांना भेटायला येत होते. काका तेच करत होते. दक्षिणेकडच्या खिडकीजवळची त्यांची खुर्ची अजून तेथेच आहे. स्मरणवहीतली पहिली नोंद मी त्यांची करीन आणि तीत माझ्या त्या पडद्याविषयीही लिहीन.