पावसानंतर जेसीबीची बॅटरी का उतरते?

पाऊस उघडला की कर्जत-खालापुरात जेसीबी, पोकलेन पुन्हा कामाला लागतात आणि बॅटरी उतरल्याच्या तक्रारीही सुरू होतात. लगेच नवा अल्टरनेटर आणू नका. इंजिन बंद ठेवून आधी अल्टरनेटरचा पट्टा दाबून बघा. सैल किंवा तेलकट पट्टा घसरतो. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट करा.

मग मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना 12 व्होल्टच्या मशीनवर साधारण 14, तर 24 व्होल्टच्या मशीनवर साधारण 28 व्होल्ट दिसायला हवेत.

हमखास नजरेतून सुटतो तो डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागलाच पाहिजे. बऱ्याच मशीनवर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला किंवा दिव्याची बारीक वायर उंदरानं कुरतडली, की धडधाकट अल्टरनेटरही चार्जिंग करत नाही. दिवा ठीक असेल तरच कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर उघडायला इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघायची जुनी खोड मात्र सोडा. त्यानं अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. बकेटला वेल्डिंग करायचं असेल, तर इंजिन बंद करून आधी बॅटरी सुटी करा.