खिशांत मावणाऱ्या मोटारी

इंग्लंडांतील लहानमोठ्या गांवांत सुटीच्या दिवशीं एखाद्या सभागृहांत जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो. टेबलांच्या रांगा मांडलेल्या असतात, त्यांवर बोटाएवढ्या, फार तर वीतभर लांबीच्या धातूच्या मोटारी ओळीनें उभ्या असतात, आणि त्यांच्याभोंवतीं जी गर्दी असते ती बहुतेक केस पिकलेल्या पुरुषांची. त्यांतला एखादा गृहस्थ एक मोटार उचलतो. तिचा रंग किंवा तिचा डौल यांकडे तो प्रथम पाहत नाहीं. ती उलटी करतो आणि तिच्या पोटावर उठविलेलीं अक्षरें वाचतो. कोणी केली, कोठें केली, नमुना कोणता, एवढें समजलें म्हणजे ती सुलटी करून टेबलावर ठेवतो आणि कोणी पाहत नाहींसें बघून बोटानें चार अंगुळें पुढें ढकलतो. यांतली पहिली कृति संग्राहकाची आहे. दुसरी सात वर्षांच्या मुलाची.

या मोटारींचा इतिहास लिव्हरपूल शहरांतील बिन्स रोडवर असलेल्या मेकॅनो कंपनीच्या कारखान्याशीं निगडित आहे. अमेरिकेंत ‘टूट्सीटॉय’ या नांवाच्या ओतीव मोटारी त्यापूर्वींच विकल्या जात होत्या. परंतु इंग्लंडांत या धंद्यास रूप आलें तें फ्रँक हॉर्नबी यांच्यामुळें. भोंकें पाडलेल्या पट्ट्या व स्क्रू जोडून यंत्रें उभारण्याच्या खेळाचें पेटंट त्यांनीं १९०१ सालीं घेतलें होतें, आणि १९२० पासून त्यांच्या नांवाच्या खेळण्यांतल्या आगगाड्या निघत होत्या. या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर शोभेसाठीं कांहीं वाहनें हवींत, म्हणून १९३३ च्या अखेरीस सहा वाहनांचा एक संच बाजारांत आला. त्यांत दोन मोटारी, एक मालमोटार, सामान पोंचविणारी एक व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. आगगाडीचा साज म्हणून आणलेलें हें सामान मुलांनीं आगगाडीपासून वेगळें काढलें आणि स्वतंत्रपणें खेळावयास घेतलें. १९३४ सालीं या मालेस ‘डिंकी टॉईज’ हें नांव मिळालें. आगगाडीचा सबंध संच घेऊन देणें पुष्कळ बापांना परवडण्यासारखें नव्हतें. एक मोटार मात्र खाऊचे पैसे सांठवून घेतां येत असे.

तीं बनविण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. आरंभींच्या कांहीं मोटारी शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. पुढें जस्त हा मुख्य धातु झाला. त्यांत शेंकडा चारच्या सुमारास ॲल्युमिनिअम आणि थोडें तांबें व मॅग्नेशिअम मिसळीत. हा रस सुमारें ४०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस पातळ होतो, आणि पोलादी सांच्यांत दाबानें शिरविला कीं क्षणांत थिजतो. मग सांचा उघडून मोटारीचें कवच काढावयाचें, कडा घासावयाच्या, रंग द्यावयाचा, आंसावर चाकें चढवावयाचीं आणि तळाशीं पत्रा ठोकून टाकावयाचा. एका सांच्यांतून हजारों नग निघत, आणि दाराची फट, दिव्याची कड, पुढची जाळी हीं प्रत्येकावर सारखींच उठत. लांकडाच्या खेळण्यांत हा बारकावा येत नसे. रस्त्यावर पाहिलेली मोटार ओळखूं येईल आणि हातांत घेतांच वजन जाणवेल, अशी वस्तु आतां मुलाच्या खिशांत राहूं लागली.

दुसऱ्या महायुद्धांत कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि मुलांच्या मोटारी थांबल्या. युद्ध संपल्यावर लंडनमध्यें १९४७ सालीं लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या दोघां मित्रांनीं ओतकामाचा एक लहानसा धंदा काढला. आडनांव एक असलें तरी त्यांचें नातें नव्हतें. दोघांच्या नांवांचे तुकडे जोडून त्यांनीं ‘लेस्नी’ हें नांव सिद्ध केलें. लवकरच जॅक ओडेल हा कसबी कारागीर त्यांना येऊन मिळाला. या ओडेलच्या मुलीच्या शाळेंत असा नियम होता म्हणतात, कीं काड्यांच्या पेटींत मावेल तेवढेंच खेळणें मुलांनीं शाळेंत आणावें. बापानें मुलीकरितां रस्ता दाबण्याचा एक चिमुकला रूळ बनविला आणि पेटींत घालून दिला. शाळेंतल्या इतर मुलांना तसाच रूळ हवासा झाला. त्याच सुमारास, १९५३ मध्यें, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रथाची लेस्नीनें काढलेली लहान प्रतिकृति दहा लाखांवर खपली. त्याच वर्षीं ‘मॅचबॉक्स’ ही माला सुरू झाली. शिक्षकांनीं घातलेल्या एका मर्यादेंतून एवढा मोठा उद्योग उभा राहावा, ही गोष्ट शाळाखात्यांतील लोकांनींही लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें स्पर्धा वाढली. १९५६ सालीं ‘कॉर्गी’ नांवाच्या मोटारी आल्या. त्यांच्या खिडक्यांना पारदर्शक तावदानें होतीं, आणि याच गोष्टीची जाहिरात करून त्यांनीं डिंकीचीं गिऱ्हाइकें ओढलीं. १९६५ मध्यें याच कंपनीनें जेम्स बाँडच्या चित्रपटांतली सोनेरी ॲस्टन मार्टिन काढली. तिचें एक बटण दाबलें कीं छप्पर उघडून आंतला मनुष्य बाहेर उडे. १९६८ सालीं अमेरिकेंतून ‘हॉट व्हील्स’ आल्या. त्यांचे आंस तारेसारखे बारीक होते आणि उतारावर त्या सुसाट पळत. मॅचबॉक्सलाही दुसऱ्या वर्षीं आपलीं चाकें बदलावीं लागलीं. तरीही जुन्या घराण्यांचा निभाव लागला नाहीं. बिन्स रोडचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरांत बंद झाला. लेस्नी कंपनी १९८२ त बुडाली, आणि कॉर्गीची मालक मेटॉय कंपनी १९८३ त. नांवें मात्र विकलीं गेलीं आणि नव्या मालकांच्या हातीं चालू राहिलीं.

या कथेचा एक धागा भारतांतही येऊन पोंचतो. इंग्लंडांत जुने झालेले डिंकीचे कांहीं सांचे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि तेथें त्यांतून ‘निकी टॉईज’ या नांवानें मोटारी निघूं लागल्या. लिव्हरपूलच्या मुलांना ज्यांचा कंटाळा आला होता, त्याच आकृति येथील मुलांना अगदीं नव्या वाटल्या. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या डब्यांत, गोट्या, भोंवऱ्याची जाळी आणि तुटकी पट्टी यांच्या संगतींत, टायर नसलेली अशी एखादी मोटार अजून पडलेली असेल.

आतां संग्राहकांच्या बाजारांतला न्याय पाहावा. तेथें सर्वांत जास्त मोल कशाला? जिचा रंग अभंग आहे, जिचीं चाकें झिजलेलीं नाहींत, आणि जिचा पुठ्ठ्याचा मूळ खोका शाबूत आहे, अशा मोटारीला. खोका मुलानें पहिल्याच दिवशीं फेंकून दिलेला असतो. म्हणून पुष्कळदां रिकाम्या खोक्यालाही चांगली किंमत येते. याचा अर्थ काय होतो? जी मोटार कधीं कोणत्याही मुलाच्या हातीं लागली नाहीं, जिनें पायरीवरून उडी घेतली नाहीं, चिखलांत रात्र काढली नाहीं, तीच सर्वांत मोलवान ठरते. आपलें बाळपण परत मिळावें म्हणून म्हातारा मनुष्य पैसा खर्च करतो, आणि हातीं येते ती जिला बाळपण लाभलेंच नाहीं अशी वस्तु.

ती तरी टिकते काय? धातुशास्त्र याचें उत्तर फारसें सुखाचें देत नाहीं. जस्ताच्या रसांत शिशाचा किंवा कथलाचा किंचित् अंश जरी मिसळला, तरी धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत कीड लागते. उष्णता व दमटपणा यांनीं ती बळावते. वर्षांमागून वर्षें जातात, कवच फुगतें, वांकडें होतें, त्यावर बारीक चिरा पडतात आणि एके दिवशीं हात लावतांच त्याचा चुरा होतो. युद्धापूर्वींच्या कित्येक डिंकी मोटारींची ही गत झाली आहे. या रोगावर औषध नाहीं. विशेष हें, कीं खोक्यांत जपून ठेवलेल्या मोटारीलाही तो सोडीत नाहीं. कपाटाला कुलूप घातल्यानें खेळण्यापासून होणारी झीज वांचते. ओततांनाच आंत राहिलेला दोष वांचत नाहीं.

म्हणून हा छंद व्यर्थ आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. दूधवाल्याची गाडी, पाववाल्याची व्हॅन, रस्ता दाबणारा रूळ, यांचे खरे नमुने भंगारांत गेले. त्यांचीं रूपें पुष्कळदां या चिमुकल्या प्रतिकृतींतच राहिलीं. त्यांची नोंद ठेवणारा मनुष्य इतिहासाची लहानशी सेवाच करीत असतो. परंतु त्यानें स्वतःला एक प्रश्न विचारावा. कपाटांतल्या शंभर निर्दोष मोटारींपैकीं आपली कोणती? बहुधा त्याचें बोट एखाद्या टवके उडालेल्या, कोणी तरी ब्रशनें पुन्हां रंगविलेल्या मोटारीपाशीं जाऊन थांबेल. तो ब्रश धरणारा हात त्याचा स्वतःचा होता. बाजारांत तिला कोणी विचारणार नाहीं. तिच्या छपरावरचा टवका कोणत्या दुपारीं, कोणत्या मित्राशीं भांडतांना उडाला, हें जगांत एकट्या त्यालाच ठाऊक असतें; आणि त्याच्यामागें तें कोणालाही ठाऊक असणार नाहीं.

अशा घरीं एखादे वेळीं नातू कांचेला नाक लावून उभा राहतो आणि विचारतो, “आजोबा, ही खेळायला घेऊं?” आजोबांचा हात क्षणभर अडखळतो. किंमत आठवते, खोका आठवतो, फरशी किती कठीण आहे हेंही आठवतें. ज्या आजोबांना त्याच वेळीं जस्ताची ती कीडही आठवेल, ते किल्ली फिरवतील, मोटार नातवाच्या हातीं देतील आणि तो ती फरशीवर सोडील तेव्हां पलीकडच्या टोकाला स्वतः झेलावयास बसतील.