जुन्या नाण्यांची सफाई : साधनांची निवड

सातारा-सांगलीकडे कृष्णाकांठच्या शेतांत नांगराच्या फाळाला एखादी मातीनें माखलेली शिवराई लागली, कीं घरीं पहिला हात जातो तो चिंचेच्या कोळाकडे. देवघरांतील ताम्हन-पळी उजळणारी ही सामग्री जुन्या नाण्याच्या मात्र जिवावर उठते. आम्ल हिरव्या थराबरोबर खालचें तांबेंहि खातें, आणि राखेच्या घांसणीनें ‘श्री राजा शिव’ या अक्षरांचा उरलासुरला उठाव नाहींसा होतो.

हानि किती मोठी होऊं शकते, हें जोगळटेंभीवरून कळावें. नाशिकजवळच्या त्या गांवीं १९०६ सालीं नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा सांठा मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. नव्या छापाखालीं जुन्याच्या पुसट रेषा राहिल्या, म्हणूनच जेता कोण व जित कोण याचा पुरावा धातूंत टिकला. तारेचा ब्रश अशा रेषांस क्षणांत पुसून टाकतो.

मग साधनें कोणतीं घ्यावीं? दहापट मोठें दाखविणारें भिंग, चित्रकाराचा मऊ कुंचला, बांबूची टोकदार काडी आणि ऊर्ध्वपातित पाणी. विहिरीच्या पाण्यांतील क्षार तांब्यास बाधतात, म्हणून पाण्याची ही निवड. माती भिजून सुटेल तेवढीच काढावी. चांदीचा काळेपणा हा गंधकाच्या संयोगानें आलेला पातळ थर. तो न काढलेलाच बरा.

दागिन्यांची गोष्ट अधिक नाजूक. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते, ती उष्णतेनें वितळते. चिंच-लिंबू मोत्याचें पाणीच उतरवितें. हल्लीं सराफांकडील अल्ट्रासॉनिक यंत्राची मोठी भूल पडते. पण मोत्यांस व सैल खड्यांस त्याचीं कंपनें सोसत नाहींत.

यांतहि एक क्रम आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी लागते. वर्दी आधीं, ब्रश मागाहून. मातींतील जागा व खोलीहि टिपून ठेवावी.

सुकलेल्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसूं लागली, तर तें क्षारांचें दुखणें होय. असें नाणें इतरांपासून निराळें, कोरड्या डबींत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावें आणि वस्तुसंग्रहालयांतील जाणकारास दाखवावें.