दादा, मूळ बिल दाखवा!

आम्ही मुलुंडच्या बचत गटातल्या सहाजणी. भाड्याच्या गाळ्यात कापडी पिशव्या शिवतो. आज बोलायचंय ते विजेच्या बिलाबद्दल. मुंबईचं बिल आमच्या काय कामाचं, असं म्हणू नका. अंधेरी-बोरिवलीकडे अदाणी आणि टाटा यांची वीज असते, पण मुलुंडला महावितरण आहे. म्हणजे बहुतेक गावांत जी कंपनी, तीच आमच्याकडे.

आमच्या गाळ्याला स्वतंत्र मीटर नव्हता. मालकाच्या नावावर एक मोठा मीटर, आणि आत तीन गाळ्यांना त्यानेच बसवलेले सबमीटर. महिन्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी यायची. 180 युनिट, 16 रुपयांप्रमाणे 2,880. खाली 'मीटर सर्व्हिस' 250. एकूण 3,130 रुपये. सर्व्हिस म्हणजे काहीतरी सरकारी असणार, असं समजून आम्ही वर्षभर मुकाट्याने भरले.

वाटणीच्या दिवशी पैसे कमी पडले की आम्ही एकमेकींकडेच संशयाने बघायचो. कुणी मशीन जास्त चालवली, कुणी इस्त्री चालू ठेवली. दोघींमध्ये तर महिनाभर अबोला होता. शेवटी एकीची नववीतली मुलगी म्हणाली, "आई, ही तर चिठ्ठी आहे. बिल कुठंय?"

मग आम्ही सगळ्या मिळून मालकाकडे गेलो. म्हटलं, "दादा, मूळ बिल दाखवा." त्याने बरीच टाळाटाळ केली, पण दाखवलं. तिन्ही गाळ्यांचं मिळून 600 युनिट आणि बिल 7,800 रुपये. म्हणजे सगळे आकार आणि कर धरून युनिटला 13 रुपये. आमच्या 180 युनिटचे 2,340 झाले. महिन्याला 790 रुपये जास्त, वर्षाचे 9,480! आणि 'मीटर सर्व्हिस' हा शब्द त्या बिलावर कुठेच नव्हता.

मैत्रिणींनो, बिलावर काय असतं ते लक्षात ठेवा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, मग वीज शुल्क आणि वीज विक्री कर. कंपनीचे आकार महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो, शुल्क आणि कर सरकारचे. त्यामुळे कंपनीलाही स्वतःच्या मनाने नवा आकार लावता येत नाही. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि मंजूर भारही त्यावर छापलेला असतो. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा दर महिन्याला जुळवून बघायचा.

मालकाने 'सर्व्हिस' बंद केली, पण मागचे पैसे परत दिले नाहीत. आमच्याकडे चिठ्ठ्यांशिवाय काही नव्हतं, भाडेकरारात विजेबद्दल एक ओळही नव्हती. आणि कंपनीच्या लेखी ग्राहक होता मालक, आम्ही नव्हे.

म्हणून आम्ही आमच्या नावाने मीटर मागितला. वीज कायदा 2003, कलम 43 सांगतं की मालकाप्रमाणे जागा वापरणाऱ्यालाही जोडणी मागता येते. अर्ज देताना एकजण भेटला. म्हणाला, "मीटरचे पैसे माझ्याकडे द्या, काम लवकर करतो." आम्ही म्हटलं, "पावती द्या." तो पुन्हा दिसला नाही. महावितरणसाठी आयोगाने 8 सप्टेंबर 2006 रोजी आदेश दिला आहे. मीटर हरवला, जळाला किंवा ग्राहकाने स्वतःहून कंपनीकडून विकत मागितला, हे सोडून मीटरची किंमत ग्राहकाकडून घ्यायची नाही. जोडणीचे मंजूर पैसे भरावे लागतात, ते कंपनीच्या लेखी मागणीपत्रावरच, आणि पावती घेऊन.

आणखी एक गोष्ट बघा, बिल कोणत्या वर्गाचं आहे. घरगुती बिलावर वीज शुल्क 16 टक्के, व्यापारी बिलावर 21 टक्के, आणि दरही जास्त. घराच्याच एका भागात छोटा उद्योग असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि वर्षाचा 3,600 पर्यंत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दरच आहे. पिठाची गिरणी, मसाला गिरणी औद्योगिक वर्गात येते, दुकानाच्या वर्गात नाही. चुकीचा वर्ग दिसला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

तुमचा गट भाड्याच्या जागेत असेल तर करारातच लिहून घ्या: दर महिन्याला मूळ बिलाची झेरॉक्स मिळेल, वाटणी युनिटप्रमाणे होईल, वेगळा आकार नाही. सबमीटरचं रीडिंग पहिल्या तारखेला दोघींनी मिळून वहीत लिहा.

आता आमच्या गाळ्यात आमचा मीटर आहे. बिल आलं की आधी मोठ्याने वाचतो, मग भरतो. अबोला धरलेल्या त्या दोघीच आता रीडिंग घेतात. तुमच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापलं बिल घेऊन या आणि एकत्र बसून वाचा.